‘नो ग्रोथ’, पण किती दिवस थांबून?

जानेवारी २०२३ मधला एक रिपोर्ट मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलाय. सॅम्पल सायनोव्हियल फ्लुइड, म्हणजे सांध्यातलं पाणी, उजवा खांदा. रिझल्ट : ४८ तासांनंतर नो ग्रोथ, म्हणजे जंतू वाढले नाहीत. पेशंटच्या नावाच्या जागी माझ्या वडलांचं, अण्णांचं नाव आहे आणि खाली टेक्निशियनची सही माझी आहे.

मी सांगलीत एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला काम करते, १७ वर्षं झाली. लघवी, थुंकी, पू, रक्त, जे येईल ते प्लेटवर लावायचं, इनक्युबेटरमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. अण्णांचं सॅम्पल पण तसंच लावलं. ब्लड अगार, मॅकॉन्की अगार, म्हणजे जंतूंचं खाणं घातलेल्या नेहमीच्या प्लेटा, ३७ डिग्री. दोन दिवस प्लेटा स्वच्छ. मी रिपोर्ट टाइप केला, घरी फोन करून आईला सांगितलं की इन्फेक्शन नाहीये, काळजी करू नको. त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं होतं.

आता मागून सांगते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि तासगावजवळ आमची एकरभर द्राक्षबाग आहे ती बघायला लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बागेतल्या चिखलात पाय घसरून पडले, उजव्या दंडाच्या हाडाचं वरचं टोक, ते बॉलसारखं असतं ना, त्याचे तुकडे झाले. वय ६८, हाड ठिसूळ, प्लेट लावून जमणार नाही म्हणून सर्जननी रिव्हर्स शोल्डर केलं, म्हणजे सांधा उलटा बसवतात, बॉल खवाट्याच्या हाडाकडे आणि वाटी दंडाकडे, त्यामुळे खांद्याचे आतले स्नायू फाटलेले असले तरी डेल्टॉइडच्या, म्हणजे खांद्यावरच्या मोठ्या स्नायूच्या जोरावर हात वर जातो. आणि गेला हो! एप्रिलमध्ये खरड छाटणीला अण्णा मांडवाखाली उभे होते, दोन्ही हात वर करून कात्री चालवत होते. ज्याला द्राक्षबाग माहितेय त्याला कळेल की मांडवाखाली हात वर करता येणं म्हणजे काय असतं.

पावसाळ्यात हात जड व्हायला लागला. दुखणं असं नाही, पण आखडल्यासारखं. मग रात्रीचं दुखायला लागलं. ताप नाही, सूज नाही, लाली नाही, टाक्यांची जागा एकदम छान, कोरडी. फिजिओवाल्यांनी सांगितलं व्यायाम कमी पडतोय. शेजारच्यांनी सांगितलं थंडी बाधली असेल. ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलमध्ये तीन वेळा गेलो, ईएसआर २२, सीआरपी ४, म्हणजे अंगात दाह असला तर वाढणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, दोन्ही नॉर्मल, एक्स-रे ठीक. प्रत्येक वेळी तेच वाक्य, रिपोर्ट नॉर्मल आहेत, इन्फेक्शन असतं तर रक्तात दिसलं असतं.

हे वाक्य मला पण पटलं होतं, कारण गुडघ्याच्या आणि खुब्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. तिथं इन्फेक्शन म्हणजे बरेचदा स्टॅफ ऑरियससारखे दणदणीत जंतू, सांधा लाल होतो, गरम होतो, सीआरपी चढतो. खांद्याचं गणित वेगळं आहे आणि हे मला १७ वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं, मी पण शोधलं नव्हतं.

खांद्यात जो जंतू सगळ्यात जास्त त्रास देतो त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस. जुन्या पुस्तकांत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नीस म्हणून सापडेल, २०१६ मध्ये नाव बदललं. नावातच ॲक्नीस आहे, म्हणजे तोच तो मुरमांशी जोडलेला जंतू. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो, आत्ता माझ्या आहे, तुमच्या आहे. पण तो वरवर नसतो, केसांच्या मुळाशी ज्या तेलग्रंथी असतात त्यांच्यात खोल राहतो, आणि या ग्रंथी चेहऱ्यावर, पाठीवर, छातीवर आणि खांद्यावर भरपूर असतात, पुरुषांमध्ये हा जंतू आणखी जास्त सापडतो. ऑपरेशनच्या आधी कातडीला क्लोरहेक्सिडिन लावतात त्यानं वरचे जंतू मरतात, हा खाली बसलेला राहतो. मग चीर पडली की ग्रंथी कापल्या जातात, आतलं बाहेर येतं आणि तिथून हातमोजे, हत्यारं आणि नवीन सांध्याचा धातू इथपर्यंत पोचायला त्याला फार लांब जावं लागत नाही. यात सर्जनचा निष्काळजीपणा असेलच असं नाही, सगळं नियमानं करूनही हे होऊ शकतं, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या घरात सुरुवातीला सगळा राग त्यांच्यावरच निघाला होता.

धातूवर बसला की तो स्वतःभोवती चिकट थर करतो, बायोफिल्म. शेवाळ धरल्यासारखं समजा. त्याच्या आत तो निवांत, हळूहळू वाढतो. शरीराला फारसा डिवचत नाही, म्हणून ताप नाही, म्हणून सीआरपी नॉर्मल. आणि त्याला ऑक्सिजन आवडत नाही, त्यामुळे उघड्या हवेतल्या प्लेटवर तो दोन दिवसांत दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी लावलेल्या त्या दोन प्लेटा त्याच्यासाठी नव्हत्याच.

त्यात आणखी एक गोष्ट. सॅम्पल मिळालं तेच मुळात थेंबभर. खांद्यात सुई घातली की गुडघ्यासारखं पाणी भराभरा येत नाही, बरेचदा सुई कोरडीच बाहेर येते. जे आलं ते सिरिंजमध्येच, हवेसकट, दुपारभर टेबलावर पडून मग आमच्याकडे आलं. आणि नो ग्रोथ आल्यावरही ‘असू दे सेफ साइडला’ म्हणून अण्णांना १० दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. आता विचार केला की अंगावर काटा येतो. कारण नसताना दिलेल्या गोळ्यांनी इन्फेक्शन तर बरं होत नाही, बायोफिल्मच्या आत त्या पोचतच नाहीत नीट, पण पुढचं कल्चर, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघणं, मात्र बिघडवून ठेवतात. जंतू अर्धमेला होतो, वाढत नाही, आणि परत नो ग्रोथ.

मे महिन्यात नवीन एक्स-रे काढला तो मी घरी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. मी काही रेडिओलॉजिस्ट नाही, पण जुना आणि नवा शेजारी शेजारी धरले तर दंडातल्या धातूच्या दांड्याभोवती एक बारीक काळी रेघ दिसत होती जी जुन्यात नव्हती. दीड वर्षाच्या आत दांडा सैल का व्हावा? ऑपरेशन नीट झालं होतं, हात वर जात होता. तो एक्स-रे घेऊन आम्ही पुण्याला गेलो.

पुण्याच्या सर्जन सरांनी सगळी फाइल बघितली. आणि पहिला प्रश्न अण्णांना नाही, मला विचारला, कारण मी लॅबमध्ये आहे हे आईनं सांगून टाकलं होतं. “कल्चर किती दिवस ठेवलं होतं?” मी म्हटलं ४८ तास. ते काही बोलले नाहीत. मग अण्णांकडे बघून म्हणाले, काका, आपण पहिल्यापासून सुरू करूया.

सुरू करूया म्हणजे काय, तर आधी काहीच करायचं नाही. अँटिबायोटिक एकही नको, दाताच्या डॉक्टरनी दिलं तरी फोन करून विचारायचं, किमान दोन आठवडे अंग कोरं पाहिजे. अण्णांची अस्वस्थता मला कळत होती, दुखतंय आणि डॉक्टर म्हणतात औषध घेऊ नका. मग खांद्याला चार-पाच दिवस बेन्झॉइल पेरॉक्साइड ५ टक्के लावायला सांगितलं, तेच मुरमांवरचं मलम, कारण ते तेलग्रंथीत उतरतं आणि तिथल्या जंतूंची संख्या कमी करतं, म्हणजे सॅम्पल घेताना कातडीवरचा जंतू मिसळायची शक्यता कमी. अण्णा मेडिकलमध्ये गेले तर तो पोरगा विचारतो कुणासाठी पाहिजे. अण्णा म्हणाले, “माझ्यासाठीच दे बाबा, वय सत्तर.”

मग दुर्बिणीतून बायोप्सी. पाण्यावर भरवसा न ठेवता सांध्याच्या आतल्या अस्तराचे आणि धातूलगतचे तुकडे काढले, पाच वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येकासाठी वेगळं स्वच्छ हत्यार, पाच वेगळ्या डब्या. स्वॅब नाही. हे मी ठळक सांगते, कापसाच्या काडीवर खोल इन्फेक्शन शोधणं म्हणजे विहिरीचा तळ बघायला वरून ओंजळ भरणं, काहीच हाताला लागत नाही. तुकडेच पाहिजेत, आणि ते हातात पडल्याशिवाय ऑपरेशनमधलं अँटिबायोटिकसुद्धा सरांनी सुरू केलं नाही. आणखी एक तुकडा पॅथॉलॉजीला फ्रोझन सेक्शनसाठी गेला, म्हणजे तो गोठवून, पातळ काप काढून लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात. आणि आपल्या देशात टीबी विसरून चालत नाही, म्हणून एएफबी आणि जीनएक्स्पर्ट या टीबीच्या टेस्टना पण पाठवलं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टीबीच्याच जातकुळीतले दुसरे काही संथ जंतू पण आपल्याकडे निघतात, पाण्यातून आणि नीट निर्जंतुक न झालेल्या हत्यारांतून येतात, त्यांचीही खातरजमा करायची होती. ते सगळं निगेटिव्ह आलं.

आणि मग १४ दिवस. तिथल्या लॅबनी सांगितलं की खांद्याचं सॅम्पल आम्ही १४ दिवस ठेवतो, ऑक्सिजनशिवायच्या जारमध्ये प्लेटा आणि शिवाय मांसाचा चुरा घातलेल्या आरसीएमच्या बाटल्या. मी ऐकत होते आणि डोक्यात एकच हिशोब चालू होता, १७ वर्षांत खांद्याची किती सॅम्पल्स मी ४८ तासांत बंद केली असतील.

त्या दोन आठवड्यांत मी खूप वाचलं. झोपच येत नव्हती. वाचता वाचता कळलं की जगातला पहिला कृत्रिम खांदासुद्धा इन्फेक्शनच्याच गोष्टीत अडकलेला आहे. १८९३ मध्ये पॅरिसला ज्यूल्स एमिल पेआँ नावाच्या सर्जननी ३७ वर्षांच्या एका पाववाल्याच्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. खांदा टीबीनं पोखरला होता आणि हात कापून टाकायला तो माणूस तयार नव्हता. सांधा बनवून दिला एका दाताच्या डॉक्टरनी. सुरुवातीला हात चालला, पण इन्फेक्शन परत परत येत राहिलं आणि दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला. त्या पाववाल्याला हात उचलून भट्टीत पाव सारायचे असतील आणि आमच्या अण्णांना मांडवाला हात लावायचाय, एवढाच काय तो फरक, असं मला रात्री दोन वाजता वाटत होतं.

सहाव्या दिवशी पुण्याहून फोन आला. दोन बाटल्या गढूळ. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत पाचपैकी चार. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन स्लाइडवर बघितलं तर, ग्रॅम पॉझिटिव्ह, वेडेवाकडे बारीक दांडके, काही एकमेकांना काटकोनात पडलेले. आणि इथं मला बसायला खुर्ची लागली. कारण हे चित्र मी ओळखते, दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या स्लाइडवर दिसतं आणि आम्ही लिहितो ‘डिप्थेरॉइड्स, प्रॉबेबल स्किन कंटॅमिनंट’, म्हणजे बहुतेक कातडीवरून मिसळलेले जंतू. संपलं. म्हणजे अण्णांचं सॅम्पल मी समजा आठवडाभर ठेवलं असतं आणि एका बाटलीत हे दिसलं असतं, तरी कदाचित मी तेच लिहिलं असतं! माल्डी-टॉफ या जंतू ओळखायच्या मशीनवर नाव पक्कं झालं, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस.

आता इथं एक बाजू अशी आहे जी आमच्यासारख्या घरातल्या लोकांना ऐकायला नको असते. पॉझिटिव्ह आलं म्हणजे इन्फेक्शन आहेच असं पण नाही. हा जंतू कातडीतच असल्यामुळे ज्यांना काहीही इन्फेक्शन नाही अशांच्या खांद्यातल्या सॅम्पलमध्येही तो कधी कधी उगवतो, अगदी पहिल्यांदाच ऑपरेशन होत असलेल्या माणसातसुद्धा. पाचपैकी एका डबीत, तेही बाराव्या-तेराव्या दिवशी आला तर तो बहुतेक वाटेत मिसळलेला. चार डब्यांत, सहाव्या दिवसापासून, तर वेगळी गोष्ट. म्हणून तर पाच डब्या लागतात, एक डबी कधीच उत्तर देऊ शकत नाही, ना हो म्हणून ना नाही म्हणून. एखाद्याचा चांगला बसलेला सांधा एका भटक्या कॉलनीमुळे काढून टाकणं हे पण तितकंच भयंकर आहे.

सरांनी आम्हाला कागदावर मार्क मांडून दाखवले, मला ते फार आवडलं. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाला ऑर्थोपेडिक इन्फेक्शनवर जगभरातले तज्ज्ञ जमले होते तेव्हा खांद्यासाठी वेगळे निकष ठरवले गेले. बाहेरून सांध्यापर्यंत जाणारं भोक असेल, सांध्यात उघड पू असेल किंवा दोन तुकड्यांत एकच जहाल जंतू निघाला, तर पक्कंच. नाहीतर मार्क मोजायचे. जखमेतून अचानक स्राव यायला लागला तर ४. सौम्य जंतूचं एक कल्चर पॉझिटिव्ह असेल तर फक्त १, पण तोच जंतू दुसऱ्या तुकड्यात पण निघाला तर आणखी ३. दंडातला दांडा सैल असेल तर ३. फ्रोझन सेक्शनमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली तर ३. सीआरपी वाढला असेल तर २, ईएसआर वाढला असेल तर २, सांध्यातल्या पाण्यात पेशी ३००० च्या वर असतील तर २. सहा किंवा जास्त झाले की इन्फेक्शन असण्याची शक्यता मोठी. अण्णांचे १ आणि ३ चार, रेघेचे ३, फ्रोझनचे ३, दहा. त्यात रक्ताच्या रिपोर्टचा वाटा शून्य! ज्या नॉर्मल सीआरपीवर आम्ही दहा महिने काढले त्याला या सगळ्या यादीत वजन आहे फक्त दोनाचं, आणि तेही वाढला तरच. नॉर्मल आला म्हणून कोणाचे मार्क कापले जात नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते कारण ते सगळ्या इन्फेक्शनमध्ये साधारण सारखंच असतं. जुलैमध्ये सांधा काढला, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा, आधी शिरेतून आणि मग तोंडावाटे औषधं, ती पण कल्चरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ते बघून, अंदाजानं नाही. हा जंतू तसा पेनिसिलिनला पण ऐकतो, त्याला शोधणं अवघड, मारायला औषध सापडणं तितकं अवघड नाही. नोव्हेंबरमध्ये नवीन सांधा. त्या वेळी पण पाच तुकडे, परत १४ दिवस, पाचही बाटल्या शेवटपर्यंत नितळ. खर्चाचं लिहीत नाही, बागेचं एक वर्ष त्यात गेलं एवढंच सांगते.

ज्यांच्या घरात कोणाचा खांदा बदललाय, किंवा खांद्यात प्लेट-स्क्रू आहेत, आणि आधी बरा असलेला हात काही महिन्यांनी विनाकारण आखडतोय, दुखतोय, त्यांनी रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका एवढंच माझं म्हणणं आहे. भांडू नका डॉक्टरांशी, मी भांडले, त्यानं काही झालं नाही. विचारा. सांध्यातलं सॅम्पल घ्यायचं का, त्याआधी अँटिबायोटिक बंद ठेवायचं का, किती तुकडे घेणार, कुठल्या लॅबला जाणार आणि ती लॅब किती दिवस ठेवते. शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि रिपोर्टवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा एकदा. आणि सॅम्पल नेऊन द्यायचं काम तुमच्याकडे आलं तर चहा प्यायला थांबू नका, लगेच पोचवा, चिठ्ठीवर ‘खांदा, सांध्यात इम्प्लांट आहे’ हे लिहून घ्या. आमच्याकडे नुसतं ‘फ्लुइड, कल्चर’ एवढंच लिहून आलं की आम्हाला कळायला मार्गच नसतो की हे पोटातलं पाणी आहे की खांद्यातलं. अण्णांच्या चिठ्ठीवर तर मला सगळंच माहीत होतं, तरी मी ते नेहमीच्याच रांगेत लावलं.

अण्णांना मी हे सांगितलं एकदा. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री, की जानेवारीतली ती सही माझी होती, मी अजून थांबायला पाहिजे होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वर्कशॉपला गाडी यायची, आवाज येतोय म्हणून. आम्ही चालू करून बघायचो, आवाज नाही. सही करून सोडायचो. आवाज घाटात यायचा, पोरी, आगारात कसा येईल?”

लॅबमधल्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही, जागेचा प्रश्न होता, जारचा प्रश्न होता, १४ दिवस एक बाटली अडकून राहणं म्हणजे छोट्या लॅबला परवडत नाही हे मला पण माहितेय. पण मार्च २०२४ पासून आम्ही खांद्याची सॅम्पल्स आणि इम्प्लांटलगतचे तुकडे १४ दिवस ठेवतो. इनक्युबेटरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात डावीकडे एक वेगळा स्टँड आहे, त्यावर मार्करनं लिहिलंय ‘मला न विचारता टाकू नये’, खाली माझं नाव. सर्जन लोकांचे फोन येतात, अहो ताई, रिपोर्ट अजून कसा नाही? मी चौथ्या दिवशी प्राथमिक रिपोर्ट देते आणि त्यावर लिहिते की कल्चर अजून चालू आहे, अंतिम समजू नये.

आत्ता त्या स्टँडवर पाच बाटल्या आहेत, एका बाईंच्या, डाव्या खांद्याच्या, आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय, सीआरपी नॉर्मल. आज अकरावा दिवस. सकाळी उजेडात धरून बघितल्या, पाचही नितळ. उद्या रविवार आहे पण मी जाऊन बघून येणार आहे.